कोणत्या परदेशी पाहुण्याला टीव्हीवर जागा मिळते, आणि ती कोण देते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस भारतात आले. ब्रह्मोस क्षेपणास्त्र विकत घेणाऱ्या पहिल्या देशाचे ते प्रमुख, तरीही मराठी वाहिन्यांवर त्यांचे नाव जवळजवळ ऐकू आले नाही. डिसेंबरमध्ये पुतिन आले तेव्हा मात्र त्यांना विमानतळावरून नेणाऱ्या गाडीची नंबरप्लेट महाराष्ट्राची आहे, यावरही चर्चा झाली. कोणता दौरा दाखवायचा हे ठरवते कोण, सरकार सांगते की टीआरपी, असे तुम्ही विचारले आहे.

मी मराठी वृत्तवाहिनीत आधी असाइनमेंट डेस्कवर (प्रतिनिधी कोठे पाठवायचा हे ठरवणारा विभाग) आणि नंतर आउटपुटला (पडद्यावर काय लावायचे हे ठरवणारा विभाग) काम करत आले आहे, त्यामुळे हे उत्तर मराठी वाहिनीच्या आतून दिलेले आहे. हिंदी आणि इंग्रजी वाहिन्यांकडे दिल्लीत मनुष्यबळ अधिक असते आणि त्यांचा प्रेक्षकही वेगळा असतो. त्यांची तऱ्हा जेथे निराळी आहे तेथे तसे सांगेन.

पहिली गोष्ट अशी की, ‘कोणता दौरा महत्त्वाचा’ हा प्रश्न न्यूजरूममध्ये त्या स्वरूपात फारसा विचारला जात नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये दौऱ्याचा विषय निघाला, तर विचारले जाते ते असे: चित्र किती वाजता येणार, कोणाच्या कॅमेऱ्यावरून येणार, ते येईल तेव्हा आपल्या पडद्यावर दुसरे काय चालू असेल आणि यात महाराष्ट्राचे काय आहे. या चार प्रश्नांची उत्तरे चांगली असतील तर दुय्यम दौराही तासभर चालतो, आणि ती नसतील तर महत्त्वाचा दौरा खालच्या पट्टीतल्या एका ओळीत संपतो. म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडेन: दौऱ्याचे महत्त्व आणि दौऱ्याचे चित्र यांची गाठ कधी पडते, आणि पडत नाही तेव्हा ती पाडण्याचे काम कोणाचे असते?

हा निर्णय एकदा होत नाही, दोनदा होतो, आणि दोन वेगळी माणसे तो घेतात. पहिला निर्णय असाइनमेंटचा. परराष्ट्र मंत्रालय दौरा काही दिवस आधी जाहीर करते आणि मग माध्यमांसाठी कार्यक्रमपत्रिका येते. तिचा साचा बहुधा ठरलेला असतो: राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात औपचारिक स्वागत, राजघाटावर पुष्पचक्र, हैदराबाद हाउस या दिल्लीतल्या सरकारी वास्तूत शिष्टमंडळांची चर्चा, करारांची देवाणघेवाण, दोन्ही नेत्यांची निवेदने, राष्ट्रपतींची भेट आणि, दौऱ्याचा दर्जा तसा असेल तर, मेजवानी. असाइनमेंटवाला ही पत्रिका वाचतो तो मुत्सद्देगिरीच्या अभ्यासकाच्या नजरेने नव्हे. प्रांगणातले स्वागत म्हणजे सकाळच्या बुलेटिनला घोडदळासह चित्र. राजघाट म्हणजे दोन मिनिटांचे शांत चित्र. हैदराबाद हाउस म्हणजे हस्तांदोलन, मग बराच वेळ बंद दार, आणि शेवटी दोन व्यासपीठांवरून वाचलेली निवेदने, ज्यांनंतर बहुतेक वेळा प्रश्न घेतले जात नाहीत. पत्रिकेत ‘निवेदने’ लिहिले आहे की ‘पत्रकार परिषद’, हे मी सर्वांत आधी पाहते, कारण प्रश्न विचारता येणार नसतील तर आपला प्रतिनिधी तेथे उभा करून नवे असे काहीच हाती लागत नाही. दूरदर्शनचे आणि एएनआय वृत्तसंस्थेचे चित्र तर कार्यालयात बसूनही मिळते.

येथे मराठी वाहिनीचे अर्थकारण आड येते. दिल्लीतल्या आमच्या ब्युरोत सहसा एखाद-दुसरा प्रतिनिधी आणि एखाद-दुसरा कॅमेरामन असतो. त्याच माणसाकडे संसद असते, सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचे जे प्रकरण चालू असेल ते असते, दोन्ही मोठ्या पक्षांची मुख्यालये असतात, आणि राज्यातला कोणी मंत्री अचानक दिल्लीला निघाला तर महाराष्ट्र सदनाबाहेर उभे राहणेही त्याच्याकडेच असते. हैदराबाद हाउसला जायचे तर सुरक्षा तपासणीसाठी बराच आधी पोहोचावे लागते, आणि आत गेलेला माणूस काही तास हाती लागत नाही. पक्षचिन्हाची किंवा आरक्षणाची सुनावणी त्याच दिवशी असेल, तर मी प्रतिनिधी कोठे पाठवणार हे सांगायला नको. बहुतेक दौऱ्यांना मराठी वाहिनीचा स्वतःचा माणूस नसतो तो यामुळे. आणि स्वतःचा माणूस नसला की वाहिनीत त्या बातमीला वालीही नसतो. बातमीसाठी रनडाउनमध्ये (बुलेटिनच्या क्रमयादीत) जागा मागणारा, ‘हे लावा’ म्हणून आउटपुटच्या मागे लागणारा बहुधा तिचा प्रतिनिधीच असतो. हे कारण बाहेरच्यांना दिसत नाही, पण मला ते टीआरपीपेक्षा मोठे वाटते.

पत्रिकेत लिहिलेली नसते अशी एक खूणही डेस्क पाहत असते: विमानतळावर स्वागताला कोण जाणार. परदेशी पाहुण्याच्या स्वागताला एखादा राज्यमंत्री जाणे ही सर्वसाधारण रीत आहे. पंतप्रधान स्वतः गेले तर तो अपवाद असतो, आणि बराक ओबामा (२०१५), शिंझो आबे (२०१७), बेंजामिन नेतान्याहू (२०१८), सौदीचे युवराज मोहम्मद बिन सलमान (२०१९), डोनाल्ड ट्रम्प (२०२०) अशा पाहुण्यांसाठी तो केला गेला. कॅनडाचे जस्टिन ट्रुडो फेब्रुवारी २०१८ मध्ये आले तेव्हा त्यांच्या स्वागताला कृषी राज्यमंत्री होते, म्हणजे रीतीप्रमाणेच सर्व झाले होते. पण अपवादांची सवय झालेल्या वाहिन्यांनी तेच ‘थंड स्वागत’ म्हणून चालवले. राजशिष्टाचार बाजूला ठेवून पंतप्रधान विमानतळावर, हे वाक्य आता इतके घासले गेले आहे की त्यातून प्रेक्षकाला काही कळत असेल असे मला वाटत नाही. आउटपुटला मात्र त्यातून एक गोष्ट नक्की कळते: हा पाहुणा लाइव्ह घ्यायचा आहे. अशा रीतीने दौऱ्याची पहिली प्रतवारी सरकारच करते, आणि त्यासाठी कोणाला फोन करावा लागत नाही.

सरकार सांगते का, या तुमच्या शंकेचे माझे उत्तर म्हणजे जवळजवळ हेच आहे. अमुक दौरा दाखवा, तमुक दाखवू नका असा निरोप येतो, अशी वाचकांची कल्पना असते. माझ्या कामात दौऱ्यांच्या बाबतीत त्याची गरज पडलेली मी पाहिलेली नाही. झोपाळा साबरमतीच्या काठी टांगायचा की चर्चा हैदराबाद हाउसच्या बंद दालनात ठेवायची, पाहुण्याला वाराणसीला गंगाआरतीला न्यायचे की थेट बंगळुरूच्या विमानात बसवायचे, हे ठरते तेव्हाच वाहिन्यांवर किती तास चित्र चालेल हेही बरेचसे ठरून जाते. २०१४ मध्ये अहमदाबादला शी जिनपिंग झोपाळ्यावर बसले, तेव्हा लडाखमध्ये चुमार येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर होती. झोपाळ्याचे चित्र होते, चुमारचे नव्हते.

दुसरा निर्णय आउटपुटचा, आणि तो त्या दिवशी, त्या क्षणी होतो. येथे मी तीन दिवस उदाहरणादाखल घेते. तिन्ही महिन्याच्या ५ तारखेचे निघाले, हा निव्वळ योगायोग.

५ मे २०२३. गोव्यात बाणावलीला शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक होती आणि पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री बिलावल भुट्टो झरदारी तेथे आले होते. २०११ मध्ये हिना रब्बानी खार येऊन गेल्यानंतर पाकिस्तानचा परराष्ट्रमंत्री प्रथमच भारतात येत होता, आणि तोही आमच्या शेजारच्या राज्यात, जेथे मुंबईहून थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन पाठवणे दिल्लीपेक्षा सोपे. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी हस्तांदोलन न करता लांबून नमस्कार केला, नंतर पत्रकार परिषदेत पाकिस्तानवर कडक शब्दांत टीका केली. टीव्हीला हवे ते सर्व यात होते: भांडण, चेहरे, एक न केलेले हस्तांदोलन. हिंदी वाहिन्यांवर ते दिवसभर चालले. मराठीत मात्र तो शरद पवारांचा दिवस होता. २ मे रोजी त्यांनी राष्ट्रवादीच्या अध्यक्षपदावरून निवृत्ती जाहीर केली होती, ५ तारखेला पक्षाच्या समितीने ती नामंजूर केली आणि नंतर पवारांनी स्वतः पत्रकार परिषद घेऊन निर्णय मागे घेतला. यशवंतराव चव्हाण सेंटरच्या दारावरचा कॅमेरा हलवून बाणावलीचे चित्र घ्या, असे त्या दिवशी कोणत्याही मराठी आउटपुटला सांगता आले नसते, आणि मी त्या खुर्चीत असताना मलाही ते पटले नसते. पवार अध्यक्ष राहतात की नाही याने महाराष्ट्राचे राजकारण बदलणार होते. बाणावलीत जे झाले त्याने भारत-पाकिस्तान संबंधात काही बदलले नाही. म्हणजे स्थानिक बातमीमुळे परराष्ट्र धोरणावर अन्याय झाला, असे दर वेळी म्हणता येत नाही. कधी कधी स्थानिक बातमीच मोठी असते.

आता तुमचा दिवस, ५ ऑगस्ट २०२५. हैदराबाद हाउसमध्ये मोदी आणि मार्कोस यांची चर्चा झाली, दोन्ही देशांतील संबंध सामरिक भागीदारीच्या पातळीवर नेल्याचे जाहीर झाले. त्याच्या आदल्या दोन दिवसांत भारतीय आणि फिलिपिनी नौदलांनी दक्षिण चीन समुद्रात प्रथमच एकत्र गस्त घातली होती. आता मराठी वाहिन्यांच्या बाजूने तो आठवडा पाहा. नांदणी मठाची माधुरी हत्तीण गुजरातच्या वनतारा प्राणिकेंद्रात नेल्यामुळे कोल्हापूर जिल्हा पेटलेला होता, ३ तारखेला हजारो लोकांचा मोर्चा निघाला होता आणि ५ तारखेला मुख्यमंत्र्यांनी त्याच विषयावर बैठक बोलावली होती. त्याच दुपारी उत्तरकाशीत धराली गावावर चिखल-दगडांचा लोंढा आला, समोरच्या डोंगरावरून कोणीतरी घेतलेले त्याचे भयंकर चित्रीकरण काही मिनिटांत सर्वत्र पोहोचले, आणि त्या भागात महाराष्ट्रातले पर्यटक अडकले आहेत हे कळल्यावर पुण्यापासून जळगावपर्यंतचे आमचे सर्व प्रतिनिधी नातेवाइकांकडे धावले. दुसऱ्या दिवशी दादरच्या कबुतरखान्यावर आंदोलकांनी ताडपत्री फाडली, आणि ट्रम्प यांनी भारतावर आणखी २५ टक्के आयातशुल्क लावले. या रांगेत मार्कोस कोठे बसणार होते?

धराली आणि आयातशुल्क यांच्यापुढे मार्कोस मागे पडणे मला रास्त वाटते. हत्तीण आणि कबुतरे यांच्यापुढे इतके मागे पडणे रास्त वाटत नाही, पण त्याचे कारण प्रेक्षकाला परराष्ट्र संबंधांत रस नाही हे नव्हे. त्या दौऱ्यात महाराष्ट्राचे धागे होते आणि ते कोणी ओढले नाहीत, हे कारण आहे. ब्रह्मोस एरोस्पेसचा प्रकल्प नागपुरात आहे. जानेवारी २०२२ मध्ये फिलिपिन्सने सुमारे ३७.५ कोटी डॉलरचा सौदा केला आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप तेथे पोहोचली. महाराष्ट्रातली कित्येक मुले वैद्यकीय शिक्षणासाठी फिलिपिन्सला जातात. जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंत तेथे व्हिसा लागत नाही. यातल्या कोणत्याही एका धाग्यावर नागपूरच्या प्रतिनिधीचा वॉकथ्रू (जागेवर फिरत केलेले निवेदन), एखाद्या पालकाचा बाईट आणि हैदराबाद हाउसचे चित्र जोडून अडीच मिनिटांचे पॅकेज झाले असते, आणि हत्तिणीच्या दोन बातम्यांमध्ये ते सहज मावले असते. पण ते सुचायला कोणीतरी तीन दिवस आधी त्या दौऱ्याची टिपणे वाचायला हवीत. मराठी वाहिन्यांत परदेश हा स्वतंत्र विभाग क्वचितच असतो. एजन्सीची कॉपी मराठीत आणणारा कोणी उपसंपादक असतो, आणि त्याच्याकडेच क्रिकेटचे स्कोअर आणि हवामानही असते.

तिसरा दिवस ५ डिसेंबर २०२५. पुतिन आदल्या संध्याकाळी दिल्लीच्या पालम विमानतळावर उतरले, मोदी स्वतः घ्यायला गेले आणि दोघे एकाच पांढऱ्या फॉर्च्युनरमधून निघाले. गाडीला महाराष्ट्राची नंबरप्लेट होती. तुम्हाला हे उथळ वाटले, आणि ते उथळ आहेच. पण डेस्कच्या नजरेने पाहा. दिवसभर वाट पाहून मिळालेले हे एकमेव चित्र होते जे आधी ठरलेले नव्हते, आणि त्यात मराठी प्रेक्षकाला हाक मारणारी ‘MH’ ही दोन अक्षरेही होती. त्या वेळी आमच्या हाती दुसरे काय होते? करारांचा तपशील दुसऱ्या दिवशी येणार होता. ज्या संध्याकाळी फक्त गाडी आहे, त्या संध्याकाळी गाडीच चालणार.

दोष मला दुसऱ्या दिवसाचा वाटतो. ५ तारखेला २०३० पर्यंतचा आर्थिक सहकार्याचा कार्यक्रम आला, त्या वर्षापर्यंत व्यापार १०० अब्ज डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट पुन्हा सांगितले गेले, आणि रशियन पर्यटकांना ३० दिवसांचा मोफत ई-व्हिसा जाहीर झाला. त्याच सुमारास रशियात युरियाचा कारखाना उभारण्यासाठी तेथील उरलकेम कंपनीबरोबर तीन भारतीय कंपन्यांचा सामंजस्य करार झाला, आणि त्या तिघींमध्ये चेंबूरची आरसीएफ (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स) ही खत कंपनी आहे, जिचा दुसरा कारखाना अलिबागजवळ थळला आहे. खरिपात युरियाच्या टंचाईने राज्यातला शेतकरी दुकानांपुढे रांगा लावत होता, त्यानंतर तीन-चार महिन्यांत आलेली ही बातमी. नंबरप्लेटपेक्षा ही शंभर पटींनी ‘महाराष्ट्राची’ होती. पण युरियाला चित्र नव्हते. होती ती दालनात फायली बदलणारी दोन माणसे. आणि त्या दिवशी इंडिगोची एक हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली होती, मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर लोक बॅगांवर बसून होते, ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीकडे लोकांची रीघ सुरू झाली होती. पुतिन यांच्या वाट्याला संध्याकाळी जी चर्चा आली, ती राष्ट्रपती भवनातल्या मेजवानीला शशी थरूर यांना बोलावणे आले आणि राहुल गांधी व खरगे यांना आले नाही, यावरची होती. परदेशी दौरा देशी भांडणात उतरला की मराठी प्राइम टाइमला तो परका राहत नाही. हा नियम मी कोठे लिहिलेला पाहिला नाही, पण तो मोडलेलाही फारसा पाहिला नाही.

वेळेचाही एक भाग यात आहे आणि तो कमी लेखू नये. निवेदने दुपारच्या सुमारास होतात, परराष्ट्र सचिवांची खुलासेवार माहिती बहुधा संध्याकाळकडे, आणि संयुक्त निवेदनाचा पूर्ण मजकूर त्याच्याही आगेमागे. तोवर सातच्या बुलेटिनचा रनडाउन लागलेला असतो, ग्राफिक्स तयार असतात, पाहुणे स्टुडिओच्या वाटेवर असतात. कित्येक परिच्छेदांचा इंग्रजी मजकूर उघडून त्यातला विसावा परिच्छेद आपला आहे हे शोधायला त्या वेळी कोणाला सवड नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी सवड असते, पण तोवर पाहुणा परत गेलेला असतो आणि ‘कालची बातमी’ असा शिक्का बसतो. हा शिक्का मला मान्य नाही. दौऱ्याचा दुसरा दिवस हाच खरे तर मराठी वाहिनीचा दिवस असायला हवा, कारण चित्रांच्या शर्यतीत आम्ही हिंदीच्या पुढे जाऊ शकत नाही. तपशिलाच्या शर्यतीत जाऊ शकतो.

टीआरपीबद्दल. ऑक्टोबर २०२० मध्ये प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क संस्थेने वृत्तवाहिन्यांचे रेटिंग थांबवले आणि मार्च २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले ते चार आठवड्यांच्या फिरत्या सरासरीच्या रूपात. त्या सरासरीतून एका दिवसाच्या दौऱ्याने प्रेक्षक आणले की घालवले, हे काढता येत नाही. त्यामुळे ‘टीआरपी नाही म्हणून मार्कोस नाहीत’ हे विधान कोणी आकडा पाहून करत नसते, आधीच्या समजुतीवरून करते. आकडा म्हणून आज डेस्कवर जो पाहिला जातो तो यूट्यूब लाइव्हचा, कारण तो समोरच हलताना दिसतो. हैदराबाद हाउसमधले निवेदन सुरू झाले आणि तो आकडा उतरू लागला, तर आउटपुटचा हात दुसऱ्या फीडकडे, म्हणजे दुसरीकडून येणाऱ्या थेट चित्राकडे, जातोच. निवेदन इंग्रजीत किंवा दुभाष्यामार्फत असेल तर तो अधिक लवकर उतरतो. पण याला पूर्ण कारण समजू नका. चांगला अँकर मध्येच दोन वाक्यांत ‘याचा तुमच्याशी संबंध असा’ हे सांगू शकला, तर आकडा थांबलेलाही मी पाहिला आहे.

आतापर्यंतचे सर्व दिल्लीबद्दल झाले. पाहुणा मुंबईत उतरला की गणित बदलते, कारण मग तो आमच्या मेट्रो ब्युरोचा होतो, आणि तेथे माणसे भरपूर असतात. जानेवारी २०१८ मध्ये नेतान्याहू मुंबईत आले, तेव्हा नरिमन हाउसमधले त्यांचे आणि २६/११ च्या हल्ल्यातून वाचलेल्या मोशेचे चित्र मराठी वाहिन्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर दोन दिवस मुंबईत होते, मोदींबरोबरची त्यांची चर्चा राजभवनात झाली. जुलैमध्ये सही झालेल्या व्यापार कराराचे पुढे काय, हा त्या दौऱ्याचा गाभा होता. आम्ही तो दाखवला, पण त्यातले पुष्कळसे वाहतुकीतले बदल आणि यशराज स्टुडिओची भेट होती, आणि ज्या दिवशी ते उतरले त्याच दिवशी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन होते, तर आदल्या दिवशी राज्य सरकारने अतिवृष्टिग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले होते. गाभ्यापर्यंत पोहोचायला जवळ असणे पुरत नाही, एवढेच यावरून दिसते.

भारतीय नेत्यांच्या परदेश दौऱ्यांचे थोडे वेगळे आहे. २०१४ पूर्वी पंतप्रधानांच्या विमानातून पत्रकारांचा मोठा ताफा जात असे. त्यानंतर ती प्रथा बंद झाली आणि विमानात मुख्यतः दूरदर्शन, आकाशवाणी आणि वृत्तसंस्थांची माणसे उरली. स्वखर्चाने प्रतिनिधी पाठवणे मराठी वाहिनीला परवडत नाही, म्हणून आम्ही फीड घेतो आणि तेथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कोणाकडून तरी मोबाइलवरचे ढोल-ताशाचे चित्र मिळवतो. अपवाद दावोसचा. तेथे मुख्यमंत्री जातात, सामंजस्य करारांची बेरीज रोज संध्याकाळी जाहीर होते (जानेवारी २०२५ मध्ये ती १५.७० लाख कोटींवर गेली) आणि वाहिन्या ती ठळक अक्षरांत लावतात. तो मुत्सद्देगिरीचा दौरा म्हणायचा की गुंतवणुकीचा, यावर वाद घालता येईल. पण रोज नवा आकडा, ओळखीचा चेहरा आणि बर्फ, असे तयार साहित्य दुसऱ्या कोणत्या परदेश दौऱ्यातून आम्हाला मिळत नाही.

काय कशावर अवलंबून आहे तेही सांगायला हवे. ज्या वाहिनीचा हिंदी समूह मोठा आहे, तिला दिल्लीची माणसे आणि फीड उसने मिळतात, म्हणून तिच्या पडद्यावर दौरे जास्त दिसतात. अधिवेशन, निवडणूक किंवा पावसाळा चालू असेल तर जागा आक्रसते. आणि मोठा अपघात किंवा हल्ला झाला तर कोणताही पाहुणा टिकत नाही. २१ एप्रिल २०२५ ला अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स सहकुटुंब आले, त्यांच्या मुलांचे भारतीय पोशाख दिवसभर दिसत होते. २२ तारखेला त्यांनी जयपूरला भारत-अमेरिका व्यापारावर भाषण केले आणि त्याच दुपारी पहलगामला हल्ला झाला. मृतांत महाराष्ट्रातले सहा जण होते. त्यानंतर व्हान्स कोठे गेले हे आम्ही विचारलेही नाही, आणि विचारायला नकोच होते.

शेवटी, लहान देशांना मराठीत कधीच जागा नाही का, या तुमच्या उपप्रश्नाबद्दल. मॉरिशस घ्या. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाज आहे, आणि एप्रिल २०२३ मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी तेथे मोका येथे शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण केले तेव्हा ती बातमी मराठी वाहिन्यांवर होती. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मॉरिशसचे पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम भारतात आले. त्यांच्या कार्यक्रमात वाराणसी, अयोध्या आणि तिरुपतीबरोबर मुंबईही होती, पण मराठी पडद्यावर त्या दौऱ्याची फारशी जाणीव झाली नाही. देश तोच, धागाही तोच. फरक एवढा की पहिल्या वेळी मुंबईच्या डेस्कला ठिकाण, वेळ आणि कोण बोलणार हे आधी कळले होते. तुम्ही जर हा विषय अभ्यासासाठी घेत असाल, तर वाहिन्यांच्या यूट्यूबवरची त्या दोन्ही वेळच्या आठवड्यांची बुलेटिने शेजारी ठेवून पाहा, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरचे त्या दौऱ्याचे कागद त्यांच्याजवळ ठेवा. कोणता परिच्छेद पडद्यावर पोहोचला आणि कोणता वाटेत राहिला, हे त्यातून माझ्या उत्तरापेक्षा नेमके दिसेल.